मामा, काळी टोपी कुणाला घालू?

मे महिना म्हणजे आमच्याकडं सांगलीत दोन गोष्टी ठरलेल्या, एक म्हणजे वळवाचा पाऊस आणि दुसरं म्हणजे पुण्याहून येणारा ताईचा मुलगा. यावेळी दोन्ही एकाच संध्याकाळी आले. विजा, वारा, गावभागातल्या कुठल्यातरी बोळात पत्रा उडाल्याचा आवाज, आणि मग आपली नेहमीची लाईट गेली. आई देवघरातली समई घेऊन पुढच्या खोलीत आली, मी मार्केट यार्डातून नुकताच आलेलो, हातावर हळद तशीच (हळदीच्या पेढीवर हिशोब लिहिणाऱ्या माणसाचे हात फेब्रुवारी ते मे पिवळेच असतात, साबणानं काही होत नाही), आणि तेवढ्यात आतल्या खोलीतनं एक आवाज यायला लागला. घूंऽऽ असा, खालच्या पट्टीतला, एकसारखा. आई म्हणाली, "लाईट नाही तर ही मोटार कुणाची चालू आहे रे?"

मोटार नव्हती. भाचा मोबाईलवर गेम खेळत होता.

"मामा, हे बघ, सायबरपंक वालं आहे. काळी टोपी कुणाला घालू सांग."

मी बघितलं. स्क्रीनवर पावसातलं शहर, उंच उंच काळ्या इमारती, जांभळ्या-गुलाबी निऑनच्या पाट्या, त्यातली एक अर्धी बंद पडून फडफडतीय, आणि पुढं सात जण एका रांगेत उभे. कुणाच्या डोळ्याच्या जागी लाल दिवा, कुणाच्या मानेतनं वायरी लोंबतायत. खाली छोट्या छोट्या आयकॉनची रांग. आयकॉन उचलायचा, एखाद्याच्या अंगावर सोडायचा, की तो कपडे बदलतो आणि वाजायला लागतो. कुणी ठेका धरतो, कुणी बेस, कुणी नुसतं कुजबुजतो. एवढंच. जिंकणं हरणं काही नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, कारण मलाही हे त्या दिवसापर्यंत धड माहीत नव्हतं आणि नंतर दोन रात्री जागून मी सगळं बघितलंय. या सगळ्याचं मूळ म्हणजे इन्क्रेडिबॉक्स, फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या सो फार सो गुड नावाच्या छोट्या कंपनीचा गेम, २००९ पासूनचा. मूळ कल्पना बीटबॉक्सची, म्हणजे तोंडानं वाजवणारी माणसं. वीस आवाज असतात, पाच ठेक्याचे, पाच इफेक्टचे, पाच सुरावटीचे आणि पाच गळ्याचे. दर काही वर्षांनी नवीन आवृत्ती येते, वेगळा रंग, वेगळं संगीत. सातवी आवृत्ती चक्क आपल्याकडच्या ढंगाची, नाव 'जीवन', आणि तिच्या लगोलग आठवी आली ती 'डिस्टोपिया', म्हणजे अंधारलेलं यंत्रांचं शहर. दोन्ही २०२० च्या. त्या वर्षी आपण सगळे कसे बसलो होतो ते आठवा, म्हणजे या क्रमाची गंमत कळेल.

मग २०२४ मध्ये चाहत्यांनी बनवलेलं स्प्रंकी आलं आणि पोरांनी डोक्यावर घेतलं. तीच पद्धत, पण गोंडस रंगीबेरंगी कार्टून. आणि त्यात एक काळ्या टोपीचा आयकॉन. तो कुणाच्या अंगावर टाकला की आभाळ काळं होतं आणि तीच गोंडस कार्टून एकदम भेसूर होतात, रक्त, फाटलेली तोंडं, सगळं. त्याच्यावर मग लोकांनी आपापल्या मोडी केल्या, म्हणजे तोच गेम आपल्या मनासारखा बदलून केलेल्या आवृत्त्या, शेकड्यानं. भाच्याकडं होती ती त्यातलीच एक, सायबरपंकवाली, कुणी केली देव जाणे. फुकट असते म्हणून दर पाच मिनिटाला जाहिरात, आणि ती बंद करायची फुली इतकी बारीक की माझ्या बोटाला सापडतच नाही.

(आयांसाठी एक सूचना, लगेच देऊन टाकतो. स्प्रंकी दिसायला लहान मुलांचं वाटतं म्हणून पाच-सहा वर्षाच्या पोराच्या हातात देऊन स्वयंपाकाला जाऊ नका. शेजारच्या बाईंची नात काळ्या टोपीनंतर दोन दिवस एकटी बाथरूमला जाईना. आमचं हे कार्टं अकरा वर्षाचं, त्याला भीती कमी आणि भीती दाखवायची हौस जास्त.)

तर मला त्यानं विचारलं काळी टोपी कुणाला घालू, मी म्हणालो घाल त्या कोपऱ्यातल्याला. घातली. पडद्यावरच्या शहराची लाईट गेली. आमची आधीच गेलेली. आई म्हणाली, "बंद कर ते, दिवेलागणीला काय अभद्र." आणि खरं सांगतो, मलाही पाठीवरनं काहीतरी सरकल्यासारखं झालं.

आता यात माझं काय, तर मी बारा वर्षं बँजो पार्टीत ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) वाजवलाय. लग्नाच्या वराती, गणपती, जत्रा, तासगावपासून जतपर्यंत. रोलँडचा एसपीडी-२०, आठ पॅडचा, सेकंडहँड, हप्त्यानं घेतलेला. त्यामुळं कुणी काही वाजवत असेल तर माझं लक्ष गाण्याकडं जात नाही, हे कशानं वाजतंय इकडं जातं. आणि हे गेम मला पहिल्यांदा जरा रागच आणणारं वाटलं, कारण यात चुकताच येत नाही. कुठलाही आयकॉन कुणालाही कधीही घाला, बरोबरच वाजतं! भाच्याला वाटतं आपण लई भारी डीजे आहोत. मी त्याला म्हणालो लेका, यात तुझं काय कौतुक, हे बघ नीट.

मग बसून बघितलं दोघांनी. आयकॉन सोडला की तो माणूस लगेच वाजत नाही, थांबतो. आधीचं आवर्तन संपू देतो आणि बरोबर समेवर उचलतो. म्हणजे बघा, मिनिटाला १२० ठोके धरले तर चार मात्रा दोन सेकंदात संपतात, अशी आठ आवर्तनं धरली तर सोळा सेकंदाचा एक तुकडा, तो गोल गोल फिरतो. सगळे तुकडे एकाच लयीत, एकाच पट्टीत, एकाच मापानं कापलेले, एकाच पेव्हर ब्लॉकच्या साच्यातनं काढल्यासारखे. कसेही मांडा, फट राहणार नाही. वरातीत असं कोण थांबतंय तुमच्यासाठी? हलगीवाल्यानं उठाव घेतला आणि तुमचा हात अर्धी मात्रा मागं पडला की सगळी पार्टी तुमच्याकडं बघते, नवरदेवाचा मामा पण बघतो. मी एकदा मिरजेला ऐन चौकात असा पडलोय आणि अजून कुणीतरी भेटला की ते काढतो.

पण मग दुसऱ्या रात्री पोरगं झोपल्यावर मीच तो मोबाईल घेतला. आधी 'डिस्टोपिया' ऐकली, मग परत भाच्याची मोड. काळ्या स्क्रीनवर माझ्या बोटांचे पिवळे ठसे उमटलेले, निऑनच्या शहरात हळद. आणि मला एक गोष्ट खटकत होती ती कळली. भाचा सातही जणांना वाजवत ठेवतो. सात जागा आहेत ना, मग सात भरायच्या. मोड करणारे पण बहुतेक तसेच, बेसवर बेस, त्याच्यावर करकर, त्याच्यावर किंचाळी. झाली डॉल्बी. आपल्याकडं डॉल्बी म्हणजे काय ते सांगली-सातारा-कोल्हापूरच्या माणसाला समजावायला नको, ट्रॅक्टरवर भिंतीएवढे बॉक्स रचलेले, छातीत धाडधाड, वरनं लेसर डोळ्यात. विसर्जनाच्या रात्री पाऊस पडत असेल आणि गणपती पेठेतनं तो ट्रॅक्टर येत असेल, वर वायरींची जाळी, दुकानांच्या एलईडी पाट्या ओल्या रस्त्यात उलट्या दिसतायत, धूर, हिरवा लेसर, आणि त्या सगळ्यात एक म्हातारा डोक्यावर पोतं घेऊन भिंतीकडेनं निघालाय, तर त्याच्यापेक्षा जास्त सायबरपंक जगात कुठं असेल असं मला वाटत नाही. सायबरपंक म्हणजे तरी काय, १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या विज्ञानकथा लिहिणाऱ्यांनी रुजवलेला शब्द, यंत्रं पुढं गेलेली आणि माणूस मात्र चिखलातच. पण डॉल्बीची भीती वाटत नाही. कान दुखतो, हृदय धडधडतं, भीती नाही वाटत.

म्हणून मी एकेक जण काढायला लागलो. किंचाळणारा काढला. करकर काढली. मधला ठेका काढला. शेवटी राहिले तिघं. एक तो घूं करणारा. एक जो सोळा सेकंदात एकदाच, तेही लांबनं, लोखंडी दार आपटल्यासारखा वाजतो. आणि एक कुजबुजणारी, काय म्हणते कळत नाही. बाकीचे चौघं नुसते उभे, अंधारात, काही न वाजवता, बघत.

तेव्हा भीती वाटली.

आणि मला एकदम २०१९ चा ऑगस्ट आठवला. महापुराचा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. आम्ही शेजाऱ्यांच्या माडीवर तेरा जण. पहिल्या दिवशी आरडाओरडा, भोंगे, फोन. दुसऱ्या रात्री सगळे मोबाईल संपलेले, लाईट नाही, आणि आवाज एकेक करून कमी होत गेले. शेवटी राहिलं काय तर पाण्याचा एक एकसारखा आवाज, खळखळ नाही, नुसता जडपणा, आणि मधेच खाली कुणाच्यातरी घरातलं कपाट नाहीतर सिलेंडर तरंगत येऊन भिंतीला धडकायचं. ठण्. मग परत बराच वेळ काही नाही. ते पुढचं ठण् कधी येतंय याची आपण वाट बघायला लागतो, ते वाईट. माझा ऑक्टोपॅड खालीच राहिला होता. नंतर चिखलातनं काढला, धुतला, उन्हात वाळवला, तांदळात पण ठेवला कुणीतरी सांगितलं म्हणून. आठातली दोन पॅड वाजायची, तीही आपली आपण, कुणी हात न लावता. भंगारात दिला. पार्टी पण सुटली तिथनंच.

सकाळी भाच्याला ती तिघांची रचना ऐकवली. तो म्हणाला, "मामा, हे बोअर आहे." मग दहा सेकंदानं म्हणाला, "थांब, बंद नको करू."

गेममध्ये आपली रचना रेकॉर्ड करून ठेवता येते, त्यानं ठेवली, नाव दिलं 'सांगली लाईट गेली'. मला पटलं.

मग त्याचे प्रश्न सुरू. हे घूं सारखंच का चालू असतं? ते काढलं की बाकीचं उघडं का पडतं? मी म्हणालो त्याला आधार म्हणतात, षड्ज, म्हणजे सा, धरून ठेवलाय. आणि त्या कुजबुजीच्या मागं एक बारीक सूर आहे बघ, तो षड्जाला चिकटून वर एक कोमल रे लावतो आणि लगेच खाली येतो, तेवढ्यानंच तुला कसंतरी होतंय. दोन सूर इतके जवळ आले की ते एकमेकाला घासतात. संधिप्रकाशाचे राग आपल्याकडं काय उगाच कोमल रे घेऊन बसलेत का. त्याला काही हे कळलं नाही, म्हणाला आधार म्हणजे काय. मी म्हणालो चल, दाखवतो.

रविवारी सिटी बसनं मिरज. दहा-अकरा किलोमीटर, पण पोराला वाटलं सहल. सतारमेकर गल्लीत ज्यांच्याकडं आमच्या पार्टीचा पेटीवाला नेहमी जायचा त्या चाचांच्या दुकानात गेलो. ज्यांनी बघितलं नसेल त्यांनी एकदा बघाच, छताला भोपळे टांगलेले, मोठाले, पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं येतात ते, आणि खाली लाकडाचा भुसा, लाखेचा वास. शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगारांनी दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वी इथं तंतुवाद्यं करायला घेतली, तेच घराणं-दर-घराणं चालू आहे, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन पण मिळालं. चाचांना मी त्याचं अभिनंदन केलं तर म्हणाले, "मिळालं की. भुसा अजून आम्हीच झाडतोय."

त्यांच्या मांडीवर एक तंबोरा होता, जवारी लावायचं काम चाललेलं. घोडी म्हणजे तारा ज्याच्यावरनं जातात ती पट्टी, ती कानशीनं जराशी घासायची, तार वाजवायची, ऐकायचं, परत घासायची. मग तार आणि घोडी यांच्या मधे सुती दोरा सरकवायचा, केसभर पुढं, केसभर मागं. सुरुवातीला तार नुसती टण् वाजत होती, खिळ्याला दोरी बांधून वाजवावी तशी. चाचांनी दोरा हलवला, काही नाही. परत हलवला. आणि मग एका जागी ती तार उघडली, म्हणजे दुसरा शब्दच नाही, एका तारेतनं एकदम पाच-सहा आवाज निघायला लागले, मधमाश्यांचं पोळं जागं झाल्यासारखं.

भाचा म्हणाला, "हे तेच आहे! घूंवालं!"

आणि खिशातनं मोबाईल काढून त्यानं चाचांना 'सांगली लाईट गेली' ऐकवलं. मला लाज वाटली. चाचांनी मात्र मोबाईल कानाला लावून पूर्ण ऐकलं, डोळे मिटून, जवळजवळ मिनिटभर. दार आपटल्यावर जरा दचकले पण.

"चांगलं हाय," म्हणाले. "पण हे हलत न्हाई रं."

"म्हणजे?"

"आमचा तंबोरा बघ. बोट जरा इकडं लागलं, जरा जोरात लागलं, हवा बदलली, तर दर खेपेला येगळा येतो. पाऊस पडला की तार उतरती. हे तुझं मघाशी जसं आलं तसंच परत आलं. एकच चपाती परत परत वाढल्यासारखं."

मी मनातल्या मनात म्हणालो, बरोबर, मला दोन रात्री जे सांगता येत नव्हतं ते यांनी चपातीत सांगितलं. पण मग लगेच असंही वाटलं की भीती त्याचीच वाटत होती की मला. पुरातलं ते कपाट दर वेळी वेगळं धडकायचं, आज ना उद्या पाणी उतरणार होतं. या गेममधलं शहर उतरणार नाही, सोळा सेकंदानं तेच दार, त्याच जागी, तुम्ही मोबाईल बंद करेपर्यंत. मोड करणाऱ्यानं एवढा विचार केला असेल असं नाही. त्याला लूप करायचा होता म्हणून लूप झाला.

हे मी चाचांना सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात आतनं त्यांचा नातू आला, भाच्याएवढाच. मोबाईलकडं एक नजर टाकली आणि म्हणाला, "स्प्रंकी का? ही मोड जुनी झाली. वेंडाला घालून बघितलीस का टोपी?"

झालं. दोघं तिथंच भुशात बसले. मला आणि चाचांना कुणी विचारेना. नातवाला सगळ्यांची नावं पाठ, वेंडा कोण, सायमन कोण, ग्रे कुठं उभा करायचा, सगळं. ज्या घरात चार पिढ्या भोपळे कोरतायत तिथलं पोरगं फ्रेंच गेमच्या चाहत्यांनी केलेल्या मोडीची पण मोड सांगतंय, पुण्याचं पोरगं मान डोलवतंय. चाचा म्हणाले कामाला हात लावत न्हाई, पण कान चांगला हाय त्याचा, जवारी उघडली का न्हाई ते लांबनं सांगतो. मग चहा आला. चाचांनी मला विचारलं ऑक्टोपॅड सोडला का, मी म्हणालो पुरात गेला. त्यांच्या एका गिऱ्हाइकाची सतार पण तशीच गेली होती, दुरुस्तीला आणून टाकली होती, अजून माळ्यावर पडून आहे, फेकवत नाही म्हणाले. यावर आम्ही दोघंही जरा वेळ गप्प बसलो, आणि तेवढ्यात मागं एकदम प्रचंड मोठ्ठं घूंऽऽऽ झालं, दुकानातल्या टांगलेल्या तारा सगळ्या त्याच्याबरोबर हलायला लागल्या, एकेक करून, आपोआप.

दोघांनी मोबाईल एका तयार होत आलेल्या तंबोऱ्याच्या तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी फळीवर, उपडा ठेवला होता. भोपळ्याच्या पोकळीत तो बेस असा काही फुगला की बाहेर गल्लीतला सायकलवाला थांबून आत बघायला लागला. पोरं तोंड उघडं टाकून त्या भोपळ्याकडं बघतायत, भाच्याचं बोट काळ्या टोपीवर, सोडायचा बाकी.

चाचा चहाचा कप तसाच टाकून उठले.

"आरं मुडद्यांनो उचला ते! पॉलिश ओलं हाय!"